मूठभर मांस

"शुगर शंभरावर आली, डॉक्टर!" नवऱ्याला घेऊन केबिनमध्ये शिरता शिरताच मालनबाईंनी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. वर्षभर रोज सकाळी किसून पिळलेलं कारलं अखेर भाऊंना पावलं होतं. भाऊ इतके वाळले होते, की मध्यंतरी बोटातल्या सैल अंगठीला दोरा गुंडाळावा लागला. परवा मालनबाईंनीच तो दोरा कापला, कारण अंगठी घट्ट व्हायला लागली होती. भाऊंच्या अंगावर मूठभर मांस चढलंय, असं शेजारणी म्हणायच्या. ते ऐकून मालनबाईंच्याही अंगावर चढायचं.

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट वाचला आणि वाकून भाऊंच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला, तरी खड्डा तसाच राहिला. भाऊंना ते जाणवलंही नाही. त्यांचे पाय कधीचेच बधिर होते.

"भाऊ, जरा बाहेर वजन करून या," डॉक्टर म्हणाले. दार लागल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "काकू, हे मांस नाही, पाणी आहे. साखरेनं दोन्ही किडन्या संपवल्यात. त्यामुळे शुगरचं औषध अंगातच साठून राहतंय, म्हणून शुगर उतरलीय. तो कारल्याचा रस आजपासून बंद. आणि अंगठी काढून ठेवा, सूज वाढली तर कापावी लागेल."

तेवढ्यात भाऊ हसत आत आले. "अगं, चार किलो वाढलोय! आता तरी एक पेढा दे," म्हणत त्यांनी हात पुढे केला.

मालनबाईंनी तो हात धरला आणि अंगठी ओढली. ती सांध्यापाशीच अडली.