खाडीकाठच्या लॉजवर एकटेच

“कुणाचा म्हणून विश्वास बसणार नाही,” पिशवी सोफ्यावर टाकत शरच्चंद्र म्हणाले, “पण झालंय खरं. सांगतो. आधी चहा.”

तनयाने आधण आधीच ठेवलं होतं. बाबा स्वारगेटहून रिक्षाने आले, दोन जिने चढून आले, धाप नाही, हातपाय जागच्या जागी. तिने एका नजरेत सगळं बघून घेतलं आणि गॅस बारीक केला.

अट तिचीच होती. जर्मनीतली दोन वर्षांची नोकरी चालून आली होती आणि हो की नाही ते उद्यापर्यंत कळवायचं होतं. “मी मजेत राहीन एकटा,” असं बाबा उठताबसता म्हणत. “मग चार दिवस कुठेतरी एकटे राहून दाखवा,” ती म्हणाली होती, “नाहीतर मी जात नाही.”

बाबांच्या बीपीचं तिला विशेष वाटत नव्हतं, गोळ्या ते वेळेवर घेत. धास्ती निराळीच होती. आई जाऊन सहा वर्षं झालेली, आणि हा माणूस थापांवर जगणारा. समोर ऐकणारं कुणी नसलं तर कर्वेनगरच्या या फ्लॅटमध्ये महिन्याभरात वाळून जाईल, अशी तिची खात्रीच होती.

बेल वाजली. समोरच्या पद्मजाकाकू. हातात ताट आणि मटारची पिशवी. मूळच्या मालवणच्या, शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्याच राहायच्या. त्याही आज सकाळीच नाशिकहून, बहिणीकडून परतल्या होत्या. नाशिकच्या उन्हाने नाकाचं पार सालपट निघालं होतं.

“आलात का न बुडता?” त्या म्हणाल्या. “बसते जरा. थापा ऐकताना मटार भराभर सोलले जातात.”

“नाशिक कसं होतं?” शरच्चंद्रांनी अदबीने विचारलं.

“होतं तिथेच आहे.”

मग गोष्ट सुटली. दापोलीच्या खाली, खाडीच्या तोंडाशी कोळ्यांचं गाव. धक्क्याला लागून दत्तोबाचं जुनं लॉज. दत्तोबा सडाफटिंग, बायको ना मूल. लोखंडी खाटा, मच्छरदाण्या, अंघोळीला तांब्याचा बंब, आणि किल्ली हरवू नये म्हणून तिला बांधलेली अख्खी करवंटी.

“भरती आली की पाणी थेट तिसऱ्या पायरीवर. मासे येऊन बसायचे. मी पेपर मोठ्याने वाचायचो, ते ऐकायचे.”

“मराठी पेपर होता ना?” काकू म्हणाल्या. “नाहीतर त्यांची पंचाईत.”

“पहिल्याच संध्याकाळी गॅलरीतून वाकलो आणि चष्मा गेला खाडीत. तिसऱ्या दिवशी सापडला, जाळ्यात. एका दांडग्या माशाच्या नाकावर! सोडायला तयार नाही बेटा. शेवटी नंबर जुळत नाही म्हटल्यावर दिला परत.”

तनया हसली आणि हसता हसता थांबली.

“म्हणजे दोन दिवस चष्म्याशिवाय? बाबा, जेवलात काय?”

“मांदेली. सपाटून.”

“तुम्ही जन्मात मासा चाखलेला नाही. चष्म्याशिवाय तुम्हाला पानातली पोळी सापडत नाही. काटे कुणी काढले?”

शरच्चंद्रांनी चहाचा लांबलचक घोट घेतला. काकूंच्या बोटांतून एक दाणा उडाला तो थेट टीव्हीखाली गेला.

“दत्तोबाच्या बायकोने.”

“दत्तोबा सडाफटिंग आहे.”

“मग दत्तोबानेच. फार मायाळू माणूस.”

“कुणी का काढेनात,” काकू शेंगेकडे बघत म्हणाल्या. “घशात अडकला का एक तरी? नाही ना? मग झालं तर.”

खरंच, झालं तर. तनयाच्या खांद्यांवरचं ओझं जरा उतरलं. अर्ध्या थापा धरल्या तरी माणूस चष्म्याविना नव्या गावात राहिला, पोटभर जेवला आणि धडधाकट परत आला. तिने फोन उचलला, ‘हो, येते’ असा मेल लिहिला आणि पाठवायच्या बटणापाशी तिचा अंगठा अडला.

“चार दिवस बोललात कुणाशी, बाबा?”

“बोलतो कुणाशी? एकटाच होतो. लॉजवर चिटपाखरू नाही.” शरच्चंद्रांनी कप खाली ठेवला. डोळ्यांत ती जुनी चमक आली. इथे ते थांबले असते तर भागलं असतं, पण थांबणं त्यांना कधी जमलं नव्हतं. “म्हणजे एक बाई होत्या, चार नंबरच्या खोलीत. तोंड पाहिलं नाही हो मी. आवाज तेवढा ऐकला. जेवणं झाली की एक ते चार त्या घोरायच्या.”

काकूंचे हात थांबले.

“पहिल्या दुपारी गावात एकच धावपळ! लाँच आली समजून कोळणी टोपल्या घेऊन धक्क्यावर. दुसऱ्या दुपारी समोरच्या किनाऱ्यावरून माणसं विचारायला आली, इंजिन कुठल्या कंपनीचं म्हणून. तिसऱ्या दुपारी तर...”

ताट खाली आदळलं. मटार खोलीभर घरंगळले.

“साफ खोटं!” पद्मजाकाकू ताडकन उभ्या राहिल्या. सालपट निघालेलं नाक लालबुंद झालं होतं. “चारही दुपारी त्या गॅलरीत बसून तुमच्या थापा ऐकत होते मी. डोळा मिटायला तरी दिलात का?”