बाहेरून सांगितलेली चाल

“बाहेर बस!” नंदन ओरडला.

महिन्याभरात तिसऱ्यांदा त्याने कोल्टनला भर सामन्यातून काढलं होतं. कारण तेच. नंदनने मैदानाबाहेरून एक चाल सांगायची आणि आत जाऊन या पठ्ठ्याने दुसरीच खेळायची. बरं, चाल साधलीही होती. त्यानेच तर नंदनच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या जागी दुसरा क्वार्टरबॅक उतरवला, आणि त्याने उरलासुरला सामना घालवला.

“ओके, कोच,” कोल्टन खाली बघत म्हणाला. “यापुढे तुम्ही सांगाल तेच.”

टोमणा मारतोय कार्टा, नंदनला वाटलं.

चेंडू हातात घेऊन पळायच्या इथल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू आधी ज्याच्या हातात येतो तो गडी. तो फेकायचा की धावणाऱ्याकडे द्यायचा, हे त्याने दोन सेकंदांत ठरवायचं. नंदन स्वतः नऊ वर्षं रेजिना शहराच्या संघाचा क्वार्टरबॅक होता. मराठी डॉक्टरांचा मुलगा, पण त्याच्या नावाची जर्सी घालून गावभर पोरं हिंडायची. आता तो आक्रमणाचा कोच होता, आणि नऊपैकी सात सामने हरून बसला होता. शुक्रवारचा सामना गेला तर नोकरीही गेली, हे मालकांनी तोंडावर सांगितलं होतं.

“कुठे फेकायचं ते मला दिसायचं गं मैदानात,” तो घरी बायकोला म्हणाला. “दिसायचं ते या पोरांना शिकवू कसं?”

“ओलेनिकला विचार ना जाऊन,” मृणालिनी म्हणाली. “तुझा कोच होता तो.”

“तो? त्याने मला काय शिकवलं!”

ओलेनिक मूळचा शाळेतला भूमितीचा मास्तर. जन्मात एक व्यावसायिक सामना खेळला नव्हता. ‘उंटावरून शेळ्या हाकतो म्हातारा,’ असं नंदन घरी हसून सांगायचा. मोक्याच्या वेळी त्याने सांगितलेली चाल नंदन हटकून बदलायचा, आणि संघ जिंकायचा. चषक जिंकला तेव्हा तर नंदनने टीव्हीवर सांगूनच टाकलं, चाली माझ्या होत्या. त्याच हिवाळ्यात ओलेनिकला काढलं. नंदन त्याच्या निरोपालाही गेला नाही.

आता मात्र नाक मुठीत धरून गेला. म्हातारा ड्राइव्हवेवरचा पहिला बर्फ शोव्हल करत होता. नंदनने आपलं रडगाणं सांगितलं. पोरगं ऐकत नाही, काय करू?

“तू तरी कुठे ऐकायचास?” ओलेनिक फावड्यावर रेलला. “तू माझं ऐकणार नाहीस, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मग डावीकडे फेकायला हवं असलं, की मी तुला ‘मधून’ म्हणून सांगायचो. तू नाक मुरडायचास आणि डावीकडे फेकायचास. दर वेळी.”

नऊ वर्षं! ज्या जोरावर नंदन आजवर छाती काढून हिंडला, ते सगळं या मास्तरचं होतं.

“मग मी टीव्हीवर बोललो, तेव्हा का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं, तर पुढच्या सामन्यात तू विचार करत बसला असतास. क्वार्टरबॅक विचारात पडला, की कामातून गेला.”

म्हातारा पुन्हा बर्फ उपसू लागला. फावडं त्याच्या हातून घ्यावं, माफी मागावी, असं नंदनला फार वाटलं. पण तोंड कुठे होतं? तो गाडीत बसला. लाज वाटत होती, भरपूर वाटत होती. तरी घर येईपर्यंत शुक्रवारची युक्तीही त्याने मनात पक्की करून टाकली.

शुक्रवारी शेवटची बारा सेकंदं उरली होती. संघ चार गुणांनी मागे होता आणि चेंडूसकट ओलांडली की सहा गुण देणारी रेषा पाच यार्डांवर. एवढी एकच चाल हातात होती. समोरचे झाडून सगळे मधोमध दाटीवाटीने उभे होते आणि डावा कोपरा मोकळा पडला होता. शेंबड्या पोरालाही दिसावा इतका मोकळा.

नंदनने खूण केली: मधून.

त्याला हसू आवरेना. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. आता हा कोल्टन नाक मुरडणार, डावीकडे फेकणार, आणि आपण जिंकणार.

कोल्टनने मोकळ्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग मान वळवून नंदनकडे पाहिलं. आणि त्या मोसमात पहिल्यांदाच, कोचने सांगितलं तस्सं, त्याने चेंडू मधून धावणाऱ्याच्या हातात दिला.