५१०५११

अपघातात जखमी झालेल्या उमाकांतला आत नेलं तेव्हा त्याच्या मनगटावरच्या पट्टीवर ममताने नंबर वाचला: ५१०५११. ती रनाळ्याच्या शाळेत गणित शिकवायची. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर तिने मनाशी ठरवलं, ही मूळ संख्या निघाली, कशानेच भाग गेला नाही, तर नवरा वाचेल. औषधाच्या पाकिटावर ती भागाकार करू लागली. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा. दर वेळी बाकी एक. तिला धीर आला. मग एकोणीसने पूर्ण भाग गेला. बाकी शून्य. पेन बंद करून ती लेकीला काय सांगायचं, याची वाक्यं जुळवू लागली. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. “धोका टळला.” सासूने तिला कवटाळलं आणि तिचे डोळे पुसत विचारलं, “वाचना वं मन्हा उमाकांत! तू काब्रं रडी ऱ्हायनी?” ममताने औषधाचं पाकीट मुठीत चुरगाळलं. तिने मघाशीच त्याला मेलेला धरलं होतं.