कापडाखाली

"तुम्ही कापड टाकलंसा, साहेब. तोवर ते चित्र होतं. तुम्ही त्याचा तमाशा केलासा."

चित्रकार आदिती मगदूम हे कलादालनाच्या साहेबांना तोंडावर म्हणाली. साहेब फोनमधून मान वर काढेनात. तक्रार आली, वरून सांगणं आलं, त्यांचा नाइलाज होता. तक्रार कुणाची, ते मात्र सांगेनात.

भिंतीवर तिची पाच चित्रं. जुन्या कलेपासून आजपर्यंत पाण्यातली बाई काय नेसत आली, त्याची. देवळाच्या दगडातली, ओले केस पिळणारी उघडी सुंदरी. इटलीतल्या प्राचीन फरशीवरच्या, दोन पट्ट्या नेसून खेळणाऱ्या पोरी. मग गळ्यापासून घोट्यापर्यंत लोकरीत गुंडाळून समुद्रात उतरलेल्या मडमा. कॅलेंडरवरची गुलाबी नटी. आणि शेवटी वर्षाराणी. मंगळवार पेठेतली, बायकांना पोहायला शिकवणारी. टू-पीसमध्ये तलावाच्या काठावर उभी, गळ्यात शिट्टी.

मंडपाचं पिवळं कापड फक्त तिच्यावर होतं. दगडातली चालते, ती देवळातली. मडमा चालतात, त्या परक्या. समोरच्या भिंतीवर लंगोटातला पैलवान होता. त्याला साहेबांनी सकाळीच हार घातला होता.

काल या चित्रापुढं कुणी थांबत नव्हतं. आज रांग होती. बाप्ये यायचे, इकडंतिकडं बघायचे, कोपरा उचलायचे, फोन आत घालून फोटो काढायचे. एकानं तर बायकोला बाहेर चपलांपाशी बसवलं होतं.

वर्षाराणी आली तेव्हा एक गृहस्थ कापडात डोकं घालून वाकला होता. ती तशीच बघत उभी राहिली. दुपारपासून तिला फोन येत होते. शिकायला येणाऱ्या बायका एकेक करून नाही म्हणत होत्या. तुमच्या बाईंचं काहीतरी झाकलंय म्हणं, असं घरचे म्हणतात, एवढंच सांगून ठेवून देत होत्या.

तिनं कापड धरलं आणि ओढलं. खिळे उडाले. वाकलेला माणूस ताठ झाला. त्यानं चित्राकडं बघितलं, मग तिच्याकडं, मग जमिनीकडं.

साहेब धावत आले. हे बेकायदेशीर आहे, म्हणाले. वर्षाराणी त्या वाकलेल्या माणसाकडं वळली.

"पावणं, थांबा. वाकून बघितलंसा न्हवं? मग ह्या साहेबांस्नी सांगा, आत काय घावलं?"

गृहस्थ दाराकडं सरकला. मागची रांग गुपचूप पांगायला लागली. वर्षाराणीनं जाऊन दाराला आडवा हात लावला.

"सांगितल्याबिगर कुणी जायचं न्हाय. साहेब, तुम्ही बी. काय झाकलं हुतंसा?"