सोमवारची टाचणी

"सोमवारी? नेमकं परीक्षेच्याच दिवशी?" मी चष्मा पुसत विचारलं. भिंतीवरच्या नकाशावर चक्रीवादळाच्या रोजच्या जागी टाचण्या होत्या आणि मुलांनी पुढची टाचणी थेट आमच्या समुद्राकाठच्या शाळेवर टोचली होती. वेधशाळा अजून नक्की सांगत नव्हती. यांची मात्र खात्री झाली होती. "अभ्यास झालेला दिसत नाही कुणाचा!" "सर, तुम्हीच म्हणता ना, आधी जुनी वादळं बघा?" मॉनिटर फणकारली. "बघतोच." याच महिन्यात, हे वादळ जिथे उठलं त्याच बेटापाशी उठलेल्या जुन्या वादळांच्या नकाशावरच्या वाटांवर मी स्वतः दोरा धरला. दरवेळी दोरा शाळेपाशीच येऊन थांबला. मी मुख्याध्यापिकांना बोलावलं. सोमवारी शाळा बंद ठेवा म्हटल्यावर त्यांनी मुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सर, तुमचा पेपर काढून झालाय ना?" मी दोरा त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच लावून बघा, मॅडम."