पानाचा दर

किमान वेतन हा माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. टायपिस्टताईंनी हे वाक्य सकाळपासून दोनदा टाइप केलं होतं, एकदा कामगार संघटनेच्या निवेदनात आणि एकदा कारखानदारांच्या. कारखानदारांच्या निवेदनात त्यापुढे 'परंतु' होतं, एवढाच काय तो फरक.

दोन्ही पुढारी आता त्यांच्या टेबलासमोर एकमेकांकडे पाठ करून उभे होते.

"आजपासून पानाचा दर वाढवलाय," ताई म्हणाल्या. "सात वर्षं तोच होता."

"अहो ताई, निदान आपल्या माणसांना तरी सूट?" कामगारांचे पुढारी कळवळले.

"असा एकदम दर वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल तुमचं," शेटजींनी इशारा दिला.

"शेटजींचा मुद्दा बरोबर आहे हं, ताई."

आयुष्यात पहिल्यांदाच दोघांनी एकमेकांकडे आदराने पाहिलं. जुन्याच दराने पैसे द्यायचे, यावर उभ्याउभ्या एकमत झालं.

ताईंनी पदराने सावकाश चष्मा पुसला.

"सुनावणी किती वाजता म्हणालात?"

"अकराला," दोघं एका सुरात म्हणाले.

पावणेअकरा झाले होते आणि दोन्ही निवेदनं अजून ताईंच्या कॉम्प्युटरमध्येच होती.