संध्याकाळचा वास

"आई, हा कसला वास येऊन राहिला?" जास्वंदीजवळ उभी राहून सून रुचिताने विचारलं.

सत्यभामाबाई सावध झाल्या. दोन वर्षांपूर्वी आलेल्या तापानंतर त्यांच्या नाकाला कशाचाच वास येत नव्हता. फोडणी जळली, तरी डोळ्यांत धूर गेल्याशिवाय कळायचं नाही. पण हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! पुरानी बस्तीतल्या त्यांच्याच गल्लीत पांडुरंगच्या आईला गॅसचा वास कळला नाही, तर पोट्ट्याने महिन्याभरात घर विकलं आणि म्हातारीला वृद्धाश्रमात नेऊन टाकलं. आपला लेक प्रशिकही बायकोला घेऊन दसऱ्याच्या सुट्टीत आला, तो पहिल्या दिवसापासून "एकटीनं काहून राहते?" हेच घोकत होता. नवऱ्याने रेल्वेच्या नोकरीत बांधलेलं हे घर सोडून सत्यभामाबाईंना मरायचंसुद्धा नव्हतं.

त्यांनी लांब श्वास ओढला. "रातराणी असंल."

"रातराणीचा असा नाही येत, आई."

"मंग सप्तपर्णी. ह्या दिवसांत संध्याकाळीच तर महकते. फुलली असंल कोणाच्या अंगणात."

"हव, तेच." रुचिता हसली. "तुमचं नाक मोठं तेज आहे."

सत्यभामाबाईंचा जीव भांड्यात पडला.

मग ते रोजचंच झालं. दिवेलागण झाली की रुचिता बागेत यायची आणि विचारायची. सत्यभामाबाई ठोकून द्यायच्या, आज जोरात आहे, आज वारा उलटा आहे. बिचारी दोन घटका सासूजवळ बसते, पोट्टी गुणाची आहे, असंही त्यांना वाटायला लागलं. पुढे पुढे तर त्या कुणी न विचारताच सुरू व्हायच्या. एकदा प्रशिक अंगणात चहा पीत बसला होता.

"पाह्य, कशी महकून राहिली सप्तपर्णी," त्या म्हणाल्या.

प्रशिकने नाक वर केलं. बायकोकडे पाहिलं. आणि चहा संपवला.

आठव्या दिवशी दोघं त्यांना शुगर दाखवायला म्हणून दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर नागपूरकडचे, बोलायला मोकळे. नाडी पाहता पाहता त्यांनी सहज विचारलं, "आजी, संध्याकाळी बागेत वास येतो म्हणे तुम्हाला?"

बाईंनी लगेच ओळखलं. ही नाकाची परीक्षा! प्रशिकनेच सांगितलं असणार डॉक्टरला. त्या पदर सावरून ताठ बसल्या.

"हव, येते ना. रोज येते. सप्तपर्णीचा. अजून ह्या लुगड्याले येऊन राहिला," त्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या.

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला.

रुचिताने सासूच्या पाठीवर हात ठेवला, दुसऱ्या हाताने डोळे पुसले. "पाहा ना डॉक्टर," ती म्हणाली, "आठ दिवसांपासून समजावून राहिली मी, का आई, इथं कोणताच वास नाही. पण ह्या ऐकतच नाहीत."